पहिला स्क्रीन गिऱ्हाइकाचा

वेब ॲप बनवणाऱ्या छोट्या कंपन्या आपली लँडिंग पेजेस अधूनमधून मला पाहायला पाठवतात. त्यांतल्या एका पानाबद्दल आज जरा सविस्तर लिहितो. त्यातली चूक आळशी माणसं करत नाहीत, मनापासून राबणारी माणसं करतात, म्हणून ती महत्त्वाची वाटते.

ॲप आहे गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं. मेंटेनन्सची बिलं काढायची, थकबाकीवर व्याज लावायचं, पावती सभासदाच्या व्हॉट्सॲपवर धाडायची, सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड वेगळे दाखवायचे, वर्षअखेरीला ऑडिटरला हवी ती पत्रकं काढून द्यायची. मी ते वापरून पाहिलं, काम चोख आहे. पण फोनवर पान उघडलं की आधी दिसतो लॅपटॉपभोवती हसत बसलेल्या चार परक्या तरुणांचा फोटो. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सोसायटी व्यवस्थापनाचं नवं पर्व’. त्याखाली दोन बटणं, ‘डेमो बुक करा’ आणि ‘सुरुवात करा’. बिल, थकबाकी, पावती, यांतला एक शब्दही त्या पहिल्या स्क्रीनवर नाही. तो यायला बरंच खाली जावं लागतं. आणि किमतीच्या जागी ‘दरांसाठी संपर्क साधा’.

हे पान उघडणार कोण, तर सोसायटीचा सेक्रेटरी. बहुतेकदा निवृत्त, बिनपगारी काम अंगावर घेतलेला. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची आहे आणि एका सभासदाने व्याजाचा हिशेब चुकल्याचं पत्र दिलं आहे. रात्री जेवणं झाल्यावर तो फोनवर शोधतो आहे. त्याला पहिल्याच नजरेत दिसायला हवं की इथे मेंटेनन्सची बिलं निघतात आणि थकबाकीवरचं व्याज आपोआप लागतं. हसऱ्या तरुणांच्या जागी ॲपमधून निघालेलं एक खरंखुरं बिल ठेवा, ज्यात मागील बाकी, व्याज आणि एकूण देय या तीन ओळी नीट वाचता येतील. त्याला दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही. दर फ्लॅटमागे महिन्याला किती पैसे, हेही तिथेच हवं. हा खर्च त्याला कमिटीच्या बैठकीत मंजूर करून घ्यायचा असतो आणि आकडा हातात नसेल तर विषय मांडताच येत नाही.

ही इतकी उघड गोष्ट बनवणाऱ्यांना दिसत नाही, कारण दिवसरात्र त्या ॲपमध्ये राहून ‘बिल काढणं’ त्यांना किरकोळ वाटायला लागतं. त्यांना स्वप्नाबद्दल बोलायचं असतं. आपल्याला जे प्रिय ते पाहुण्यालाही भावेल, असं धरून चालणं हा या धंद्यातला सर्वांत महाग पडणारा समज आहे.

2008 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतली एक चाचणी याच कारणासाठी मला मोलाची वाटते. डॅन सिरोकर हा गूगलमधला तरुण बराक ओबामांच्या प्रचारात काम करायला आला. प्रचाराच्या संकेतस्थळाचं पहिलं पान लोकांचे ईमेल पत्ते गोळा करत असे. त्याच्या चमूने त्या पानासाठी बटणावरचे चार मजकूर आणि वरच्या जागेसाठी सहा पर्याय घेतले, तीन छायाचित्रं आणि तीन व्हिडिओ. अशा 24 जोड्या खऱ्या पाहुण्यांना दाखवल्या, प्रत्येक जोडी सुमारे 13 हजार जणांना. प्रचारातल्या मंडळींचा जीव एका व्हिडिओवर होता. निकाल आला तेव्हा तिन्ही व्हिडिओ तिन्ही छायाचित्रांच्या मागे पडले होते. जिंकलं ते ओबामा कुटुंबाचं साधं छायाचित्र आणि ‘साइन अप’ऐवजी ‘लर्न मोअर’ लिहिलेलं बटण. आधीच्या पानावर 8.26 टक्के लोक नाव नोंदवत होते, या पानावर 11.6 टक्के. माझ्या मते कारण साधं आहे. पहिल्यांदा आलेला माणूस नाव द्यायला तयार नसतो, पण माहिती घ्यायला असतो.

पण यावरून ‘व्हिडिओ वाईट’ असा नियम काढणारे सल्लागार चुकतात. 2008 मध्येच ड्रॉपबॉक्सच्या ड्रू हाउस्टनने सुमारे तीन मिनिटांचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. एका संगणकावर बदललेली फाइल दुसऱ्यावर आपोआप बदलते, एवढंच त्यात करून दाखवलेलं. प्रतीक्षायादी एका दिवसात 5 हजारांवरून 75 हजारांवर गेली. तेव्हा ही कल्पना शब्दांत पटणं अवघड होतं, पाहिली की क्षणात कळत होती. ओबामा कोण, हे मात्र पान उघडणाऱ्याला दाखवून द्यावं लागत नव्हतं.

सिरोकरने केल्या तशा चाचण्या आपल्या छोट्या कंपन्यांनी कराव्यात का? घाईने करू नयेत. महिन्याला 300 माणसं येत असतील तर दोन पानांच्या वाट्याला दीडशे-दीडशे येतात. एकावर 12 जणांनी नाव नोंदवलं आणि दुसऱ्यावर 17 जणांनी, तर तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. त्यापेक्षा पाच-सहा सेक्रेटरी गाठा, पान पाच सेकंद दाखवून फोन परत घ्या आणि ‘हे कशाचं होतं?’ एवढंच विचारा. मध्ये बोलू नका.

मराठी पानांची आणखी एक हेळसांड मला सलते. पान इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेलं असतं आणि मराठी मजकूर त्यात नंतर ओतला जातो. ओळींमध्ये जागा इतकी कमी की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन चिकटतो. शीर्षक ‘मोकळं’ दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइलही जड असते, ती येईपर्यंत साध्या नेटवर्कवर मजकुराची जागा कोरी राहते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. आईवडिलांच्या वयाचा माणूस हे पान वाचणार असेल तर या गोष्टींना सजावट म्हणून बाजूला टाकता येत नाही.

शेवटी, त्या सोसायटी ॲपच्या पानावरच्याच ‘30 दिवस मोफत’ या आणखी एका बटणाबद्दल. त्या बटणावर टिचकी मारली की लगेच कार्डाचा नंबर मागितला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे 13 प्रकार सांगितले आहेत, खोटी घाईगर्दी हा त्यांतलाच एक. मोफत सेवेसाठी पैसे भरण्याचे तपशील द्यायला भाग पाडणं हेही त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’खाली येतं. कायदा नसता तरी मी ते काढायला सांगितलं असतं. सोसायटीचे पैसे बहुतेक ठिकाणी दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांच्या चेकने जातात, तिच्या नावाचं क्रेडिट कार्ड नसतंच. म्हणजे सेक्रेटरीने स्वतःचं कार्ड घालायचं आणि पुढे कमिटीकडे ते पैसे मागत बसायचं. त्या चौकटीच्या जागी ‘आता पैसे लागत नाहीत, नंतर चेकने भरता येतील, पावती सोसायटीच्या नावाने मिळेल’ असं लिहा, असं मी त्या मुलांना कळवलं आहे.