विश्लेषण : डोकेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर चालते का? सुईला पुरावा आहे, पुडीला नाही

डोके ठणकायला लागले की बहुतेक घरांत उपाय ठरलेले असतात : बाम, कडक चहा आणि मेडिकलमधून आणलेली गोळी. गोळ्या रोजच्या झाल्या, की कोणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवते. मोबाइलवर तर ‘सुई टोचताच मायग्रेन गायब’ असे सांगणारे व्हिडीओ ढिगाने दिसतात. दुसरीकडे ‘हे सगळे थोतांड आहे’ म्हणणारेही आहेत. अभ्यास काय सांगतात, ते पाहू.

चिनी वैद्यकात डोकेदुखीकडे कसे पाहतात?

पारंपरिक चिनी वैद्यकानुसार शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा १२ प्रमुख मार्गांतून वाहते आणि तिचा प्रवाह अडला की दुखणे सुरू होते. म्हणून कपाळ, कानशिले, मानेकडचा भाग किंवा टाळू यांपैकी नेमके कुठे दुखते, यावरून सुईची जागा ठरते. अंगठा आणि तर्जनीमधला ‘हेगू’ आणि कवटीच्या तळाशी मानेजवळचा ‘फेंगची’ हे डोकेदुखीसाठी नेहमी वापरले जाणारे बिंदू आहेत.

शरीररचनाशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. सुईमुळे मज्जातंतू उत्तेजित होतात आणि मेंदूकडून वेदना दाबणारी रसायने स्रवतात, असे आधुनिक स्पष्टीकरण दिले जाते.

मग फायदा खरा की मानसिक?

वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या ‘कोक्रेन’ने २०१६ मध्ये मायग्रेनवरील २२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ४,९८५ रुग्ण होते. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेल्यांचे प्रमाण असे :

- अ‍ॅक्युपंक्चर घेणारे ४१ टक्के, न घेणारे १७ टक्के
- खरे अ‍ॅक्युपंक्चर ५० टक्के, लुटुपुटीचे ४१ टक्के
- तीन महिन्यांनंतर अ‍ॅक्युपंक्चर ५७ टक्के, मायग्रेन रोखणारी औषधे ४६ टक्के

लुटुपुटीचे म्हणजे चुकीच्या जागी किंवा अगदी वरवर टोचलेली सुई. खऱ्या आणि लुटुपुटीच्या सुईतला फरक छोटा आहे. जर्मनीत ३०२ रुग्णांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर तो दिसलाच नाही : खऱ्या सुईने ५१ टक्के, लुटुपुटीच्या सुईने ५३ टक्के आणि नुसते प्रतीक्षा यादीत असलेल्यांपैकी १५ टक्के लोकांना आराम पडला.

याचा अर्थ, काही रुग्णांना आराम खरोखर पडतो, पण त्यातला मोठा वाटा नेमक्या बिंदूचा नसून उपचाराच्या अनुभवाचा असावा. म्हणून ‘अचूक बिंदू फक्त आम्हालाच माहीत’ असे सांगून जास्त पैसे घेणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

इतर देशांनी काय ठरवले?

दोन देशांनी वेगळे निष्कर्ष काढले. जर्मनीने २००६ मध्ये कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर सार्वजनिक आरोग्य विम्यात घेतले, डोकेदुखी मात्र वगळली. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ताणामुळे होणाऱ्या जुनाट डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत बैठकांचा विचार करावा, असे सुचवले.

फायदा कोणाला होऊ शकतो?

साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा मिश्र घटकांची गोळी १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. अशा चक्रात अडकलेल्यांना, किंवा मायग्रेन रोखणारी औषधे न सोसणाऱ्यांना, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुईचा पर्याय आजमावता येतो. दुष्परिणामांमुळे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण औषधांपेक्षा अ‍ॅक्युपंक्चरमध्ये कमी आढळले आहे.

आणि चिनी जडीबुटी?

इथे मात्र सावध राहायला हवे. सुईच्या आकड्यांवर या पुड्या विकणे ही दिशाभूल आहे. डोकेदुखीवरच्या ‘चुआन श्योंग चा त्याओ सान’ या चहासोबत घ्यायच्या पारंपरिक मिश्रणात ‘शी शिन’ ही वनस्पती असते. ती अरिस्टोलोकिया कुळातली आहे. या कुळात आढळणारे अरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करते आणि कर्करोगालाही कारणीभूत ठरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकून याच कुळातली चिनी वनस्पती आली आणि १०० हून अधिक जणांची मूत्रपिंडे बिघडली. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे म्हणणे इथे जीवावर बेतू शकते.

आपल्याकडे काय स्थिती?

चीन आणि वैद्यक म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते शल्यविशारद होते. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले ते त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. आज महाराष्ट्रात या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि तो दर्शनी भागात लावलेला असावा, हे पाहणे यंत्रणेचे काम आहे.

जाण्याआधी एवढे करा

- आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्या.
- महिनाभर दुखण्याचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या मोबाइलमध्ये नोंदवा.
- सुई सीलबंद आणि एकदाच वापरायची आहे ना, ते समोर पाहा.
- गर्भवती असाल किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल तर आधीच सांगा.
- ८ ते १० बैठकांनंतर नोंदी तपासा. फरक नसेल तर थांबा.
- सुरू असलेली औषधे परस्पर बंद करू नका.

अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, सोबत ताप आणि मान आखडणे, बोबडी वळणे, हात-पाय लुळे पडणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना लवकर दाखवा.

सुई आजमावायला हरकत नाही. मात्र उपयोग झाला की नाही, हे व्हिडीओवरून नव्हे, स्वतःच्या नोंदींवरून ठरवा.