पोटमाळ्यावरच्या फिती

'प्रायोगिक संगीत' असे शब्द कानावर पडले की, बारामती-इंदापूरकडचा साधा माणूस जरा सावरून बसतो. प्रायोगिक नाटक त्याला ठाऊक असते; एकांकिका स्पर्धांमुळे त्याने ते पाहिलेलेही असते. परंतु प्रायोगिक संगीत म्हणजे परदेशी मंडळींनी यंत्रातून काढलेले चित्रविचित्र आवाज, त्यात सूर नाही, ताल नाही आणि आपले तर काहीच नाही, असा त्याचा पक्का समज असतो. गंमत अशी की, या संगीताच्या इतिहासातले एक पान मुंबईत लिहिले गेले आणि दुसरे अहमदाबादेत. ही दोन्ही पाने आपल्याच कपाटात पडून होती आणि ती उघडून पाहिली ती बाहेरून आलेल्या माणसांनी.

पहिली गोष्ट मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी गिटार वाजवली. अशा वादकांचे नाव तबकडीवर सहसा छापले जात नसे. जपानच्या रोलँड कंपनीची नवी यंत्रे त्यांनी हौसेने मिळवली होती. त्यांतले एक तालाचे, एक मोठा सिंथेसायझर आणि एक छोटी चंदेरी पेटी. ही पेटी खरे तर एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेली. बाजारात ती फारशी चालली नाही. सिंग यांनी या यंत्रांवर भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले आणि १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली. त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती मींडेसारखी लागते. ती सोय अशा कामाला जुंपावी, हे सुचायला रागसंगीत मुरलेला कानच हवा होता.

तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच पेटीतून काढलेल्या आवाजाने पाश्चात्त्य नृत्यसंगीताची एक नवी शाखा सुरू झाली. त्यांना मुंबईच्या या गृहस्थाचा पत्ता नव्हता आणि या गृहस्थाला त्यांचा नव्हता. २०१० मध्ये हॉलंडमधल्या एका जाणकाराने ही तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जग चकित झाले. सत्तरीतल्या चरणजित सिंगांनी मग युरोपात जाऊन कार्यक्रम केले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. कौतुक वाट्याला आले, पण अठ्ठावीस वर्षे उशिरा.

दुसरी गोष्ट शेजारच्या गुजरातेतली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकेहून मूग सिंथेसायझर आला आणि तो मांडून द्यायला डेव्हिड ट्यूडर आले. १९५२ मध्ये जॉन केज यांची 'मौनाची' रचना, म्हणजे साडेचार मिनिटे पियानोसमोर बसायचे आणि एकही स्वर वाजवायचा नाही, ती ज्यांनी पहिल्यांदा सादर केली तेच हे ट्यूडर. या केजना १९४६ मध्ये न्यूयॉर्कला भारतीय संगीताचे धडे दिले होते गीता साराभाईंनी. त्या स्वतः पखवाज वाजवत. त्या काळी स्त्रीने पखवाज वाजवणे हीच मोठी प्रायोगिक गोष्ट होती. अहमदाबादच्या स्टुडिओत गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जेमतेम विशीतला जिनराज जोशीपुरा यांनी फितींवर रचना केल्या. दोन-तीन वर्षांत हे काम थांबले आणि फिती कपाटात गेल्या. २०१७ मध्ये लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांना त्या तिथल्या संग्रहात सापडल्या आणि त्यांतल्या निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जवळजवळ अर्धे शतक त्या कोणी ऐकल्या नव्हत्या. कोणी फेकूनही दिल्या नाहीत, एवढेच आपले नशीब.

या दोन गोष्टींवरून कोणी म्हणेल, 'असेल बुवा, पण हे मुंबई-अहमदाबादचे. आमच्या तालुक्यांचा त्याच्याशी काय संबंध?' संबंध आहे, आणि तो जुना आहे.

बारामती हे मोरोपंतांचे गाव. कऱ्हेकाठी राहून या माणसाने एकशे आठ रामायणे लिहिली, असे आपण शाळेत पाठ करतो. परंतु एकाच कथेशी इतक्या वेळा झटण्यामागची हिंमत लक्षात घेत नाही. त्यांतले एक 'निरोष्ठ' रामायण. प, फ, ब, भ, म हे ओठांनी उच्चारायचे वर्ण त्यात वर्ज्य. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि 'राम' हे नाव घ्यायचे नाही! आपल्या रागांतही असेच असते. मालकंसात रिषभ-पंचम वर्ज्य, भूपात मध्यम-निषाद वर्ज्य. स्वतःला कुंपण घालून घ्यायचे आणि आत मोकळे हिंडायचे, हीच प्रयोगाची खरी रीत. चरणजित सिंगांनी यंत्राच्या बांधलेल्या ठेक्यात दहा राग बसवले ते याच रीतीने.

आणि उत्स्फूर्तपणाचे काय? परदेशी वादक कोरा कागद घेऊन बसतात आणि वाजवता वाजवता रचतात, याचे आपल्याला अप्रूप वाटते. पण सप्ताहातल्या जागराला बसा. अभंगाचा एक चरण गायक हाती घेतो, तो फिरवतो, उलटतो, मध्येच थांबतो. पखवाजवाला त्याच्या डोळ्यांकडे बघत असतो, टाळकरी अंगानेच ओळखतात की आता लय चढणार. कुठेही लिहिलेले नसते. याला आपल्याकडे 'उपज' हा सुंदर शब्द आहे. शेतातल्या पिकालाही हाच शब्द चालतो. इंदापूरच्या माळरानावर धनगरी ओव्या रात्रभर चालतात, तिथे पुढचा गडी ओळ टाकतो आणि मागचे ती झेलतात. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा मेंढ्यांचे रिंगण होते आणि बेलवाडीला अश्वांचे. टापा, टाळ, पखवाज आणि हजारो कंठ यांचा तो कल्लोळ कोणत्याही स्टुडिओत बसवता यायचा नाही. ज्या कानांनी हे पचवले, त्यांना नव्या संगीताची भीती का वाटावी?

यंत्र परके आहे, हा आक्षेपही जुनाच. ज्या पेटीवाचून आपले भजनी मंडळ उभे राहत नाही, ती हार्मोनियम पॅरिसची. तिला मींड येत नाही, ती परकी आहे, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यातून गाणे काढून दाखवले आणि भजनी मंडळांनी तर त्या बंदीची दखलही घेतली नाही. तंबोऱ्याच्या जागी आता विजेचा तंबोरा बोलतो, त्याचेही कोणाला काही वाटत नाही.

तेव्हा प्रश्न आवडीचा नाही. ते संगीत सगळ्यांना आवडलेच पाहिजे, असा आग्रह मी धरणार नाही. मलाही त्यांतल्या काही रचना पाच मिनिटांपलीकडे सोसत नाहीत. प्रश्न जपण्याचा आहे. लिहून ठेवलेली चाल पुन्हा गाता येते. उपजलेली जागा एकदाच येते. ती फितीवर धरली गेली नाही, किंवा धरलेली फीत वाया गेली, तर ती संपली.

काही जण म्हणतात, संपू द्यावी. मैफल ही त्या रात्रीपुरतीच. केसरबाई केरकरांसारखी मानी गायिका ध्वनिमुद्रणाकडे संशयानेच पाही. तरीही त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची एक तबकडी उरली आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर ती अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाई गेल्या. त्यांच्या मैफलींना बसलेले श्रोतेही आता फारसे उरलेले नाहीत. आपल्याजवळ उरल्या आहेत त्या मोजक्या तबकड्याच.

आता आपल्या घराकडे वळू. १९८० नंतर गावोगाव टेपरेकॉर्डर आले. सप्ताहात, बारशाला, गावच्या जत्रेत कोणीतरी हौशी पोरगा पेटीशेजारी टेप ठेवून लाल बटण दाबायचा. त्या कॅसेटींत आजोबांचा अभंग आहे, आत्याची ओवी आहे, मध्येच कोणाचा खोकला आहे आणि लांबून साखर कारखान्याचा भोंगाही आहे. आज या कॅसेटी पोटमाळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत पडल्या आहेत. फितीवरचा लोहकणांचा थर सुटतो, दमटपणाने बुरशी धरते, वाजवायचे यंत्र घरात नसते. त्याहून मोठी अडचण अशी की, हा आवाज कोणाचा, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. फीत उरली आणि नाव गेले, तर निम्मे गेलेच.

हे जपता येते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने अनेक ओव्या मूळ आवाजांत ध्वनिमुद्रितही झाल्या. जात्याच्या घरघरीवर मनातून उमटलेले ते गाणे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती बंद पडली, पण ओव्या उरल्या, कारण प्रत्येक ओवीपुढे बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवण्याइतका धीर कोणीतरी दाखवला.

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला नोंदीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पन्नास रुपयांच्या व्हाउचरवर तारीख आणि सही नसेल तर तो नुसता कागद. ते व्हाउचर नियमाप्रमाणे कित्येक वर्षे जपले जाते. आजोबांच्या आवाजाला मात्र कोणताच नियम नाही. तालुक्याच्या वाचनालयाने किंवा एखाद्या महाविद्यालयाने एक चांगला कॅसेट डेक, एक संगणक आणि एक चिकाटीचा माणूस एवढी सोय केली, तरी बारामती आणि इंदापूरचा आवाज पुढच्या पिढीला मिळेल. नियम थोडेच हवेत. बुरशी दिसली तर फीत घाईने वाजवू नये. जाणकाराकडून साफ करून घ्यावी. नक्कल पूर्ण करावी, खोकला आणि भोंगा कापू नये. कोण, कुठे, केव्हा हे लिहावे. गाणाऱ्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी घ्यावी. मूळ कॅसेट फेकू नये. आणि हेच मोबाइललाही लागू आहे. आज भजन फोनवर टिपले जाते, चार जणांना पाठवले जाते आणि जागा भरली की पुसले जाते. पोटमाळ्यावरच्या फिती निदान तीस वर्षे तरी टिकल्या.

दिवाळीची साफसफाई दरवर्षी येते. यंदा ती ट्रंक भंगारवाल्याच्या गाडीवर जाण्याआधी खाली काढा, घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक कॅसेटवर नाव घाला. आपल्या कपाटातले आपणच उघडून पाहिले, असे निदान एकदा तरी होऊ द्या.