छिद्रांवरील खर्च

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकले ते निसर्गविज्ञान. रिझर्व्ह बँक आणि अर्थखाते नंतरचे. मूलभूत संशोधनावर सरकारी पैसा का खर्चावा, हा प्रश्न म्हणूनच त्यांचे स्मरण ठेवून तपासावा.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायोबियम नायट्राइडच्या अतिपातळ पटलांत सूक्ष्म छिद्रांची जाळी पाडून प्रयोग झाले आहेत. अतिशीत अवस्थेत अशा पटलातून वीज विनारोध वाहते. चुंबकीय क्षेत्रात मात्र त्यात प्रवाहाचे भोवरे शिरतात आणि ते सरकू लागले की रोध परततो. छिद्रे या भोवऱ्यांना जखडतात. भोवऱ्यांची संख्या छिद्रांच्या पटीत आली की रोध एकदम घटतो. चाळण केल्याने पटलाचा गुण टिकावा, हे वरकरणी उफराटेच!

याचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतातच. १९११ साली लायडेनमध्ये पाऱ्यात हा गुण आढळला, तेव्हा रुग्णालयातील एमआरआय यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तात्काळ परताव्याचा निकष येथे लावणे हे अर्थशास्त्र नव्हे, निव्वळ दुकानदारी होय.

मात्र अशा कामाचा मराठी गोषवारा महाड-पोलादपूरच्या वर्गांपर्यंत पोहोचविणे, हा त्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे. अनुदानाच्या अटींत तेवढी एक ओळ घालणे अवघड नाही.