पडद्यावरचें नृत्य : सावली कीं स्वतंत्र कला?

नृत्य-चित्रपटांचा महोत्सव हे शब्द कानीं पडले कीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट प्रकारचें हसूं उमटतें. उपासाच्या दिवशीं कोणी पक्वान्नांचीं चित्रें दाखवूं लागला तर जसें हसूं येईल तसें तें असतें. नृत्य पाहावें तें समोर बसून, घुंगरांचा नाद आणि नर्तकीच्या श्वासाचा चढउतार ऐकत. पडद्यावर दिसते ती त्याची केवळ पडछाया. मग अशा पडछायांची जत्रा भरविण्यांत काय हंशील, असा या मंडळींचा सवाल असतो. सवाल करणारे अडाणी नसतात. उलट त्यांत नृत्याचे खरे चाहते पुष्कळ असतात, आणि म्हणूनच त्यांचें मत खोडून काढणें आम्हांस अगत्याचें वाटतें. ज्याला नृत्यांतलें कांहींच कळत नाहीं त्याच्या मताची कोणी दखल घेत नाहीं. यांच्या मताची घेतली जाते.

पहिली गोष्ट ही कीं, हा प्रकार कोणा हौशी तरुणांच्या डोक्यांतून काल निघालेला नव्हे. न्यूयॉर्क येथें नृत्य-चित्रपटांचा महोत्सव १९७१ सालीं सुरू झाला, म्हणजे त्या गोष्टीला आतां अर्धशतक उलटून गेलें. आणि चित्रपट व नृत्य यांची ओळख तर त्याहूनहि फार जुनी. एडिसनच्या कारखान्यांत १८९४-९५ च्या सुमारास जीं पहिलीं चित्रें निघालीं त्यांत घोळदार वस्त्रें भोंवऱ्यासारखीं फिरवीत नाचणाऱ्या स्त्रियांचीं चित्रें होतीं, आणि त्यांतल्या कांहींच्या प्रती हातानें रंगविलेल्याहि होत्या. चित्रपटाला बोलतां येऊं लागण्यापूर्वीं तीसएक वर्षें तो नाचत होता. तेव्हां नृत्य हें चित्रपटाकडे आलेलें परकें पाहुणें आहे, हा समज इतिहासाला धरून नाहीं.

परंतु पडछायेचा आक्षेप इतिहासानें खोडून निघत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. त्याचें उत्तर आपल्या स्वतःच्या लेण्यांतून शोधावें. औरंगाबादच्या सातव्या लेण्यांत मध्यभागीं एक नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वादक स्त्रिया आहेत. त्या नर्तकीची कंबर जेथें मुरडली आहे तेथें ती चौदाशें वर्षांच्या आसपास मुरडलेलीच आहे. चिदंबरमच्या गोपुरांत नाट्यशास्त्रांतील १०८ करणें दगडांत कोरलेलीं आहेत. या शिल्पांना पडछाया म्हणण्याचें धाडस आजवर कोणी केलेलें नाहीं. दगडाला हलतां येत नाहीं, घुंगरू वाजवितां येत नाहीं, श्वास तर नाहींच; तरी आपण त्याला कला म्हणतों, कारण शिल्पकारानें नर्तकीची नक्कल केली नाहीं, तर दगडाच्या अंगीं असलेल्या गुणांतून नवें नृत्य निर्माण केलें. मग जो न्याय दगडाला तो प्रकाशाला कां नाहीं? प्रश्न एवढाच उरतो कीं, कॅमेऱ्याच्या अंगीं असा स्वतःचा गुण कोणता, आणि त्यांतून खरोखर कोणी कांहीं निर्माण केलें आहे काय?

केलें आहे. माया डेरेन या बाईंनीं १९४५ सालीं अमेरिकेंत एक चित्रपट केला. त्याचें नांव ‘अ स्टडी इन कोरिऑग्राफी फॉर कॅमेरा’. तो मुका आहे आणि तीन मिनिटांच्या आसपास संपतो. त्यांत टॅली बीटी नांवाचा एकच नर्तक आहे. आरंभीं कॅमेरा झाडींतून सावकाश गोल फिरतो, आणि त्या फेरींत नर्तक पुनः पुनः दृष्टीस पडतो. प्रत्येक वेळीं त्याची हालचाल थोडी पुढें गेलेली असते. कॅमेऱ्यानें त्याला मागें टाकावें आणि तो पुढें उभाच असावा, असा हा चमत्कार आहे. मग तो रानांत पाय उचलतो आणि तो पाय खालीं टेकतो तो एका घराच्या खोलींत. हालचाल एकच, अखंड. भूमि मात्र बदललेली. पुढें संग्रहालयाच्या दालनांत एका अनेकमुखी बुद्धमूर्तीसमोर तो स्वतःभोवतीं गिरकी घेतो, आणि तिचा वेग वाढत वाढत असा होतो कीं मूर्तीचीं अनेक मुखें आणि माणसाचें एक मुख यांतला भेद पुसट व्हावा. शेवटीं तो उडी घेतो. रंगभूमीवर उडी घेणाऱ्याला पृथ्वी लगेच खालीं ओढते. तेथें कितीहि मोठा नर्तक असला तरी त्याची सुटका नाहीं. येथें ती उडी निरनिराळ्या तुकड्यांतून अशी जोडली आहे कीं ती लांबतच राहते, आणि अखेर तो मोकळ्या माळावर उतरतो. हें नृत्य बीटीनें एकट्यानें केलेलें नाहीं व डेरेनबाईंनींहि एकट्यानें केलेलें नाहीं. तें त्या दोघांचें आहे. म्हणूनच बाईंनीं चित्रपटाच्या शीर्षकांत आपल्या नांवाबरोबर कर्ता म्हणून नर्तकाचेंहि नांव घातलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दुसरा मासला कॅनडांतला. नॉर्मन मॅकलॅरेन यांनीं १९६८ सालीं तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठीं ‘पा द द्यू’ हा सुमारें तेरा मिनिटांचा चित्रपट केला. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर एक स्त्री व एक पुरुष, बाजूनें आलेल्या प्रकाशानें नुसती कड उजळलेले. फिल्मच्या त्याच चौकटीवर त्यांनीं तीच हालचाल थोडी मागेंपुढें सरकवून अकरा वेळांपर्यंत उमटविली. त्यामुळें नर्तकीनें हात उचलला कीं मोराचा पिसारा उलगडावा तसे त्या हाताचे मागचे सारे क्षण एकदम दिसतात. नृत्य क्षणोक्षणीं मरतें, ही नृत्यप्रेमींची जुनी हळहळ आहे. येथें मागचा क्षण पुढच्या क्षणाच्या शेजारीं उभा राहतो.

आतां कोणी म्हणेल कीं, ही सारी कातर-जोडीची आणि प्रयोगशाळेची करामत झाली, यांत नृत्य कोठें? त्यांना आम्ही फ्रेड अस्टेअरकडे पाठवूं इच्छितों. हा नर्तक कातरीचा वैरी होता. आपलें संपूर्ण शरीर डोक्यापासून पायांपर्यंत चौकटींत दिसलें पाहिजे आणि नृत्य होतां होईल तों तोडतां कामा नये, हा त्याचा हट्ट प्रसिद्ध आहे. त्याच अस्टेअरनें १९५१ च्या ‘रॉयल वेडिंग’ मध्यें खोलीच्या भिंतीवर आणि छतावर नाच केला. सबंध खोली एका फिरत्या पिंपांत बसविली होती आणि कॅमेरा खोलीशीं जखडलेला होता; खोली फिरे, कॅमेरा तिच्याबरोबर फिरे, आणि अस्टेअर मात्र प्रत्यक्षांत सदैव जमिनीवरच नाचे. पाहणाऱ्याला दिसे तें उलटें. तेव्हां कातर चालविली कीं नाहीं हा मुद्दाच नव्हे. कॅमेरा काढून घेतला तर तें नृत्य उरतें काय, एवढें विचारावें. उरत असेल तर ती नोंद. उरत नसेल तर ती रचना.

नोंद हा शब्द आम्ही तुच्छतेनें योजलेला नाहीं. सत्यजित राय यांनीं १९७६ सालीं ‘बाला’ हा माहितीपट केला, तो मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या व तमिळनाडु सरकारच्या आश्रयानें. बालासरस्वतींचें वय त्या वेळीं ५८ होतें. राय यांनीं त्यांना समुद्रकिनाऱ्यावर उभें केलें, कॅमेरा बव्हंशीं दूर आणि शांत ठेवला, आणि त्या बाईंच्या अभिनयाच्या मध्यें स्वतःला येऊं दिलें नाहीं. एवढा मोठा दिग्दर्शक बाजूला सरून उभा राहतो, ही त्याची समज होय. ती नोंद आहे आणि अमोल आहे. उलट व्हिम व्हेंडर्स यांचा २०११ चा ‘पिना’ घ्या. पिना बाउश २००९ सालीं चित्रण सुरू होण्याच्या तोंडावर वारल्या. त्यांचे नर्तक रस्त्यांत, नदीकांठीं, लोंबकळत्या आगगाडीखालीं नाचतात, आणि पाहणारा त्यांच्यामध्यें उभा असावा अशी खोली चित्राला दिली आहे. नोंद व रचना यांपैकीं कोणतीच हलकी नाहीं. दोहोंची गल्लत करणें मात्र हलकें आहे, आणि ती गल्लत महोत्सव भरविणारेच सर्रास करतात.

येथें आम्हांस महोत्सवांच्या चाहत्यांनाहि दोन शब्द सुनवावे लागतात. त्यांच्या कार्यक्रमांतून सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशीं कॅमेरा ठेवून घेतलेला प्रयोग, नृत्यशिक्षकांची मुलाखत, आणि खरी पडद्याची रचना, हीं तिन्ही एकाच ताटांत वाढलेलीं असतात. शिवाय एक नवाच सांचा रूढ झाला आहे. बंद पडलेली गिरणी किंवा ओसाड समुद्रकांठ; मोकळे केस; हालचाल मंदगतीनें; भिंतीवर हात फिरवून जमिनीवर लोळण; आणि अंतीं क्षितिजाकडे पाहणें. अशा चित्रांत गिरणी सुंदर दिसते, समुद्र सुंदर दिसतो, नृत्य मात्र सांपडत नाहीं. हालचाल सावकाश दाखविली म्हणजे ती अर्थपूर्ण होते, हा भ्रम या तरुणांना कोणी तरी काढून टाकला पाहिजे. तें काम समीक्षकांचें. आणि आमचे समीक्षक तर महोत्सवाकडे फिरकतच नाहींत, कारण त्यांच्या मतें ती पडछायांची जत्रा!

या उदासीनतेची किंमत आपण एकदां चांगलीच मोजलेली आहे. उदयशंकर यांनीं अल्मोड्याचें आपलें केंद्र पैशाअभावीं बंद पडल्यावर ‘कल्पना’ हा चित्रपट काढला. तो मद्रासच्या जेमिनी स्टुडिओंत तयार होऊन १९४८ सालीं बाहेर आला. लेखक, दिग्दर्शक आणि नायक ते स्वतःच; त्यांत ऐंशींच्या आसपास नृत्यें; एका नृत्यांत तर मजूर व यंत्रें यांचाच ताल. कथाहि अशी कीं एक लेखक आपली गोष्ट चित्रपटनिर्मात्याला सांगतो आणि गल्ल्यापलीकडे कांहींच न पाहणारा तो निर्माता ती नाकारतो. प्रेक्षकांनींहि पुढें तेंच केलें. चित्रपट पडला, आणि हळूहळू विसरला गेला. त्याची प्रत जगली ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत. तिच्या आधारानें मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संस्थेनें इटलींतील बोलोन्या येथें त्याचा जीर्णोद्धार करविला, आणि २०१२ सालीं कान येथें तो पुनः दाखविला गेला. त्याची नायिका अमलाशंकर नव्वदी ओलांडलेल्या वयांत तेथें हजर होत्या. चौसष्ट वर्षें! वस्तु आपली, ती आपल्या गांवांत ठेवलेली, आणि ती पाहण्याजोगी आहे हें आपल्याला फ्रान्सांतून कळावें! पुणेकर वाचकांना हें वाक्य झोंबलें तर आमची हरकत नाहीं.

आणि अल्मोड्याचें बीं पुण्यांतहि पडलें होतें. त्या केंद्रांत शिकलेला एक तरुण १९४४ सालीं प्रभात कंपनींत आला आणि तेथें नृत्यदिग्दर्शन करूं लागला. तो गुरुदत्त. त्याच्या १९५९ च्या ‘कागज के फूल’ मध्यें रिकाम्या स्टुडिओंत वरून पडलेल्या प्रकाशाच्या झोतांत दोन माणसें जवळजवळ निश्चल उभीं असतात. नाचत कोणीच नाहीं, पण कॅमेरा आणि तो झोत यांनीं सारें दृश्य लयींत हलतें. नृत्य शिकलेल्या माणसाखेरीज हें सुचणें कठीण.

आपल्या बोलपटांतील नृत्यगीतांवर सुशिक्षितांचा नेहमींचा आरोप अश्लीलतेचा. आमचा आरोप निराळा आहे. नर्तकी वर्षानुवर्षें मेहनत करून जी हालचाल बसविते ती पुरी होण्याच्या आंत कातर चालते. पापणी लवते न लवते तों कंबर, मग ओठ, मग पाऊल, मग पुनः कंबर. हें नृत्य नव्हे, हें खाटकाच्या दुकानांतील मांडणें आहे. आणि गंमत अशी कीं, निंदा होते ती नाचणारीची. कातर धरणाऱ्याचें नांवहि कोणास ठाऊक नसतें. नृत्य रचणाऱ्यांची तरी कथा काय? आपला पहिला बोलपट १९३१ चा. फिल्मफेअरनें नृत्यरचनेसाठीं पहिलें पारितोषिक दिलें तें १९८९ सालीं, सरोज खान यांना. डेरेनबाईंनीं १९४५ सालीं नर्तकाचें नांव आपल्या नांवाबरोबर घातलें होतें, ही गोष्ट आम्हीं वर ध्यानांत ठेवण्यास सांगितली ती याकरितां.

आतां आमच्या घरची गोष्ट. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) अशा चित्रपटांनीं लावणी घरोघर नेली, हें खरें. परंतु ती लावणी बहुधा फडावरची, ढोलकीच्या कडकडाटाची. कॅमेरा तिच्यापुढें तंबूंतल्या प्रेक्षकासारखा बसलेला. बैठकीची लावणी ही याहून अगदीं वेगळी वस्तु आहे. गाणारी बसलेली असते, ऐकणारे मोजके, आणि एकच ओळ ती पुनः पुनः घेते. दर वेळीं भुवई निराळी, बोटांची ठेवण निराळी, रुसवा निराळा. ही कला दहाव्या रांगेंतून दिसतच नाहीं. तिला हवें असतें तें सामीप्य, आणि कॅमेऱ्याजवळ तें जितकें आहे तितकें दुसऱ्या कशाजवळहि नाहीं. जणू क्लोज-अप शोधून काढण्यापूर्वीं आमच्या बायकांनीं त्याच्यासाठीं नृत्य रचून ठेवलें होतें! आणि आम्हीं काय केलें? कॅमेरा हातीं आल्यावर पन्नास पोरींची रांग माळावर पळविली. बालासरस्वतींच्या वाट्याला अठ्ठावन्नाव्या वर्षीं कां होईना पण राय आले. बैठकीच्या लावणीच्या वाट्याला, ती भरांत असतां, त्या तोलाचा दिग्दर्शक आला नाहीं. वाईच्या यमुनाबाई वाईकर २०१८ सालीं गेल्या. त्यांच्या मागच्या पिढींतल्या, फडाऐवजीं बैठकींत रमलेल्या कलावतीहि आतां वयस्क होत चालल्या आहेत.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. आपल्याकडे नृत्य-चित्रपटांचा महोत्सव भरेल तेव्हां कार्यक्रमपत्रिकेंत नोंद कोणती व रचना कोणती हें स्पष्ट छापावें, नर्तकाचें नांव दिग्दर्शकाच्या नांवाइतक्याच ठळक टाइपांत घालावें, आणि एक संध्याकाळ ‘कल्पना’साठीं राखावी. आणि महोत्सवाच्या पैशांतून एखादा नवा चित्रपट करावयाचा असेल तर गिरणी व समुद्र सोडून एका लहानशा खोलींत जावें. तेथें पेटी, तबला, एक गाणारी बाई, आणि तिच्यापासून दोन हातांवर, तिच्या संमतीनें ठेवलेला कॅमेरा असावा. ती एक ओळ सात वेळां घेईल. सातहि वेळां कातर खिशांत ठेवावी.