काळू नदीतला मासा मुलांना ओळखता यावा



परिसर अभ्यासात मासा आपण दरवर्षी शिकवतो. कल्ले, पर, खवले. चित्र काढा, रंगवा, झालं! पण आपल्या टिटवाळ्याच्या काळू नदीत कोणते मासे आहेत, असं विचारून बघा. "चिलापी" हे उत्तर हमखास येतं. एखादं मूल गोल्डफिशही म्हणतं. गंमत म्हणजे दोन्ही पाहुणे.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते. त्यामुळे ती जिथे जाईल तिथे पसरते. चिलापी खाण्यात काही वाईट नाही, अनेक घरांत तोच परवडणारा मासा आहे. पण मरळ, शिंगटी, वाम, खवली, मळ्या ही नावं आजी-आजोबांपाशीच राहिली, याचं मला वाईट वाटतं. पहिल्या जोरदार पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांत, शेतात चढतात, ती वलगण गावाकडच्या मुलांना अजून माहीत आहे. कॉम्प्लेक्समधल्या मुलांना शब्दसुद्धा नवा. (वलगणीचे अंड्यांनी भरलेले मासे धरू नयेत, हे वर्गात जरा जपून सांगावं. काही मुलांच्या घरी त्या दिवशी तेच कालवण असतं.)

नावं कशाला हवीत? कारण आपला मासा माहीत नसेल, तर परका कसा ओळखणार? आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड कुळातल्या माशांच्या शेकडो जाती होत्या. १९५०च्या दशकात तिथे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. पुढच्या काही दशकांत त्यातल्या कितीतरी जाती दिसेनाशा झाल्या. आपल्याकडचा 'थाई मागूर' नावाने थाई, पण खरा आफ्रिकेचाच. खादाड इतका की २००० साली सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली.

आता घरातली गोष्ट. टाकीची काच साफ करणारा सकर मासा मोठा झाला, टाकी लहान पडली, की लोक तो नदीत किंवा तलावात सोडतात. वर मुलाला सांगतात, "बघ, आपण त्याला जीवदान दिलं." हेतू चांगला आहे, नाही कोण म्हणतं? पण माझं स्पष्ट मत आहे की हे जीवदान नाही. सकर दक्षिण अमेरिकेतला, चिवट. तो टिकला तर आपल्या माशांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होतो. त्यापेक्षा दुकानदाराला परत द्या, टाकी असलेल्या ओळखीच्या घरी द्या.

वर्गात मी तीन रकान्यांचा तक्ता सुचवेन: माशाचं नाव, कोणी सांगितलं, कुठे मिळायचा. जूनमध्ये शाळा सुरू होते, वलगणही साधारण तेव्हाच. पहिल्याच आठवड्यात हा गृहपाठ द्या आणि एकाच माशाची दोन नावं आली तर दोन्ही लिहू द्या. आगरी घरातलं नाव वेगळं, कातकरी वाडीतलं वेगळं असू शकतं.