बँकेच्या दाराला साखळी कशाला?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत बँकेची अशी दारं अजून दिसतात: लोखंडी चॅनल गेट, जेमतेम हातभर उघडं, आणि ते आणखी सरकू नये म्हणून चौकटीला बांधलेली आडवी साखळी. मान वाकवून, अंग तिरकं करून आत शिरायचं. फटीचं माप मी घेतलेलं नाही, रखवालदार बघत होता. पण माझ्यासारख्या किडकिडीत माणसालाही खांदे आडवे करावे लागतात.

नळदुर्ग आणि परांडा हे दोन किल्ले आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे दिंडी दरवाजा कशासाठी असतो हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मोठा दरवाजा बंद ठेवायचा, छोट्या दिंडीतून एकेकाला आत घ्यायचं. वाकून येणाऱ्याची मान आधी आत येते. शत्रू असला तर आतल्या पहारेकऱ्याची सोय. किल्ला बांधणाऱ्याच्या हिशेबात ते बरोबरच होतं. बँकेत मात्र कोण येतं? संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे खात्यावर जमा होतात. म्हणजे विधवा, वृद्ध, दिव्यांग. सरकार ज्याला दिव्यांग म्हणून पैसे देतं, त्यालाच ते काढायला या फटीतून जावं लागतं. माझी आजी वॉकर घेऊन चालते. आधी वॉकर साखळीवरून पलीकडे द्यायचा, मग तिला दोघांनी धरून खालून काढायची. ती म्हणते, 'चोरावानी जावं लागतं बग.'

साखळी चोरासाठीच आहे, असं उत्तर मिळतं. चोर तरणाबांड असतो, तो वाकतो. वाकता येत नाही ते आजीला. आणि आत आग लागली तर हीच साखळी सगळ्यांना अडवणार, मॅनेजरसकट.

ही नुसती भीती नाही. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलंड शहरात व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा जादूचा खेळ होता. शेवटी खालच्या मुलांना बक्षिसं वाटताहेत हे बघून गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावली. जिन्याखालचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते खिटीने पक्कं केलेलं होतं. १८३ मुलं चेंगरून, गुदमरून मेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये सार्वजनिक जागांना बाहेर उघडणारी दारं सक्तीची होत गेली, आणि अंगाचा भार पडला की आपोआप उघडणाऱ्या दांड्याचं पेटंट १८९२ मध्ये निघालं. अमेरिकेला तोच धडा शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये १९०३ साली मिळाला, सहाशेहून अधिक मृत्यूंनंतर.

'त्यांची दारं वेगळी, आपली वेगळी, संस्कृतीचा फरक' असं कोणी म्हणालं की मला वैताग येतो. घराच्या दारापुरतं ते मान्य. स्वीडन-फिनलंडमध्ये घराचं दार बाहेर उघडतं, आपलं आत. आपल्या उंबऱ्याला पावसाचं पाणी आणि विंचू अडवायचा असतो, आणि नव्या सुनेला त्यावरचं माप ओलांडायचं असतं. घरात कोण राहतं हे घरच्यांना ठाऊक असतं, तेव्हा त्यांनी ठरवावं. बँक, तहसील, दवाखाना ही कुणाच्या घरची दारं नव्हेत.

आपले नियमही काही मागासलेले नाहीत. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत बाहेर पडायचं दार किमान एक मीटर रुंद आणि बाहेरच्या दिशेने उघडणारं सांगितलंय. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारती, खासगीसुद्धा, सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ चे. मुदत २०२२ लाच संपली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हापासून 'भूकंपरोधक' हा शब्द आमच्याकडे गवंडीही सहज बोलतो. ज्या जिल्ह्याने बांधकामाचा नियम एवढ्या किमतीला शिकला, तिथे दाराचा नियम तेवढा कागदावर राहतो.

मी सॉफ्टवेअरमधला आहे, त्यामुळे 'आता सगळं मोबाईलवर होतं की' हे मलाच ऐकवलं जातं. होतं. पण आजीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, नंबर बदललेला असतो, आणि शेवटी पडद्यावर येतं: शाखेत संपर्क साधा. म्हणजे पुन्हा त्या साखळीपाशी. आमच्या ॲपमध्ये शंभरातला एक माणूस असा अडकला तर आम्ही रात्री जागून दुरुस्ती करतो, 'शिपायाला हाक मारा' असं लिहून ठेवत नाही.

घरपोच सेवा द्या, जरूर द्या. उतार बांधायला, दार रुंद करायला निधी लागेल, निविदा निघेल, वेळ जाईल, तेही समजू शकतो. साखळीला यातलं काहीच लागत नाही. तिला एक कुलूप आहे आणि त्याची किल्ली त्याच इमारतीत आहे.