जुनी डिफेंडर, नवी डिफेंडर आणि तुमचा जुना ग्राहक



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बोललो ते "चालू माल बंद करून नवीन मॉडेल आणायचं का?" या विषयावर. वेळेत सगळं बसलं नाही, म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. उदाहरण घेतलंय लँड रोव्हर डिफेंडरचं. आपल्याकडे ही गाडी कोटीच्या घरात जाते. तुम्ही म्हणाल, सर, आमचा धंदा लाखभराचा, आम्हाला या गाडीचं काय? थोडं थांबा, शेवटपर्यंत वाचा. आणि हो, 2008 पासून ही कंपनी आपल्या टाटांची आहे, त्यामुळे विषय अगदीच परका नाही.

आधी गाडीची गोष्ट. 1948 मध्ये इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने शेतकऱ्यासाठी एक साधी चारचाकी बाजारात आणली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली. डिफेंडर हे नाव 1990 मध्ये मिळालं, पण चेहरामोहरा साधारण तोच राहिला. 29 जानेवारी 2016 रोजी सॉलिहल कारखान्यातून शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली. तोवर या घराण्याच्या 20 लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. नवी डिफेंडर सप्टेंबर 2019 मध्ये दाखवली गेली आणि 2020 मध्ये ग्राहकांच्या हातात पडायला लागली. ती बनते स्लोव्हाकियात.

तेव्हापासून दोन्हींच्या मालकांमध्ये वाद चालू आहे. जुन्या गाडीचा मालक म्हणतो, "माझी गाडी जंगलात बंद पडली तर मी पाना-पक्कड घेऊन चालू करतो. तुझ्या गाडीला लॅपटॉप लावावा लागतो." नव्या गाडीचा मालक म्हणतो, "तुझ्या गाडीत पाऊस आत येतो, कोपर दाराला घासतं आणि एअरबॅग एकही नाही."

खरं सांगू का, दोघंही बरोबर आहेत. धंदेवाल्याला म्हणूनच हा वाद उपयोगाचा आहे. माझं मत असं, की जुना ग्राहक नव्या मालाबद्दल जे काही बोलतो त्याचे तीन ढीग करायचे.

पहिला ढीग: सवय

जुन्या गाडीला शिडीसारखी पोलादी चासी होती. नवीत चासी आणि बॉडी एकजीव, वर एअर सस्पेन्शन. जुनी मंडळी लगेच म्हणाली, ही काय चिखलात चालणार? पण आकडे बघा. जुनी डिफेंडर 500 मिलिमीटर पाण्यातून जायची, नवी 900 मिलिमीटर पाण्यातून जाते. 2020 मध्ये युरो एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत नवीला पाच स्टार मिळाले. म्हणजे ही तक्रार सवयीतून आलेली होती. माल खरोखर सुधारला असेल तर अशी तक्रार काळाबरोबर विरते. तिला घाबरायचं नाही.

दुसरा ढीग: आठवण

इथे मर्सिडीजच्या जी-क्लासकडे बघा. 1979 पासूनची चौकोनी गाडी. 2018 मध्ये कंपनीने ती जवळजवळ नव्याने बनवली. रुंदी 12 सेंटीमीटरने वाढवली, पुढचं सस्पेन्शन बदललं, आतून गाडी पूर्ण नवी केली. पण चौकोनी आकार ठेवला, शिडीची चासी ठेवली आणि दार लावताना होणारा तो 'खटॅक' आवाजही मुद्दाम जपला. जुन्या मालकाने दार लावलं की त्याला आपलीच गाडी वाटली पाहिजे. आता दाराचा आवाज जपायला कितीसा खर्च येणार? आठवण जपणं बहुतेक वेळा स्वस्त असतं, म्हणून ती उगाच पुसायची नाही.

आठवणीला किंमत किती, तेही बघा. 2018 मध्ये लँड रोव्हरनेच 150 जुन्या डिफेंडर घेतल्या, त्यात व्ही-8 इंजिन बसवलं आणि दीड लाख पौंडांपासून पुढे विकल्या. नवी डिफेंडर 110 ब्रिटनमध्ये आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत होती 45,240 पौंड. बंद केलेला माल नव्यापेक्षा तिपटीहून महाग गेला.

तिसरा ढीग: गरज

हा ढीग धोक्याचा. स्वतः दुरुस्त करता येणं, धुवून काढता येईल असा साधा आतला भाग, आणि शेतकऱ्याला परवडेल अशी किंमत, या जुन्या ग्राहकाच्या गरजा होत्या. नव्या गाडीत यातलं बरंच गेलं. ब्रिटनमधले कितीतरी शेतकरी पिकअपकडे वळले.

एकाने ही जागा हेरली. इनिऑस कंपनीचे जिम रॅटक्लिफ यांना लंडनच्या 'ग्रेनेडियर' नावाच्या पबमध्ये कल्पना सुचली, की जुन्या डिफेंडरसारखी गाडी आपणच बनवावी. लँड रोव्हरने जुन्या आकाराचा ट्रेडमार्क मिळवायचा प्रयत्न केला, पण 2020 मध्ये लंडनच्या हायकोर्टात ती हरली. मग इनिऑसने फ्रान्समधला मर्सिडीजचा कारखाना विकत घेतला, बीएमडब्ल्यूची इंजिनं घेतली आणि 2022 मध्ये ग्रेनेडियर बनवायला सुरुवात केली. शिडीची चासी, आरपार अ‍ॅक्सल, सगळा जुना थाट. पण हाही रस्ता सोपा निघाला नाही. 2024 मध्ये सीट पुरवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि काही महिने गाड्यांचं उत्पादन थांबलं.

मग लँड रोव्हर चुकली का? नाही. नवी डिफेंडर आता वर्षाला एक लाखाहून जास्त जाते. जुनी शेवटच्या वर्षांत याच्या आसपासही नव्हती. कंपनीने सरळ ग्राहकच बदलला. शेतकरी सोडला आणि शहरातला पैसेवाला धरला.

आता माझा मुद्दा. हे यश बघून कुणी तुम्हाला सांगेल, "जुन्या ग्राहकाचं ऐकू नका, पुढे चला." हा सल्ला घेऊ नका. 2016 ते 2020 या काळात लँड रोव्हरकडे विकायला डिफेंडर नव्हतीच. ती पोकळी कंपनीने सोसली, कारण रेंज रोव्हरसारख्या बाकीच्या गाड्या विकत होत्या आणि मागे टाटांसारखा मालक होता. तुमचं शटर चार महिने बंद राहिलं तर? मोठी कंपनी ग्राहक बदलू शकते. तुम्हाला आहे त्याच ग्राहकाला धरून पुढे जायचंय.

आमच्या बॅचमध्ये एक दादा आहेत, कडबाकुट्टी मशीन बनवतात. बँकेचं कर्ज काढून त्यांनी नवं मॉडेल आणलं. आवाज कमी, रंग छान, सगळीकडून बंद पत्रा. तरी मशीन्स शेडमध्ये पडून राहिली, आणि हप्ता तर दर महिन्याला जातोच. मला म्हणाले, "सर, लोकांना नवीन नकोच आहे. जुनं परत चालू करतो."

मी म्हटलं, दादा, आधी वीस जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावा आणि जे बोलतील ते जसंच्या तसं वहीत लिहा. त्यांनी लावले. रंगाबद्दल दोघं-तिघं बोलले, ती सवय. नावाची पाटी पूर्वीसारखी मोठी हवी असं एक आजोबा म्हणाले, ती आठवण. बाकी बहुतेकांचं म्हणणं एकच: पातं काढायला आता अख्खा पत्रा खोलावा लागतो, गावातल्या गावात काम होत नाही. ही गरज. दादांनी पत्र्याला बिजागरीचं छोटं दार बसवलं. एका मशीनमागे थोडा खर्च वाढला. सगळा स्टॉक अजून गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण मशीन्स हलायला लागली आहेत आणि हप्ता थकलेला नाही.

जुनं बंद करून ते नव्याकडे गेले ही चूक नव्हती. पत्रा बंद करण्याआधी हे वीस फोन झाले नव्हते, ती चूक.

तर आजचा होमवर्क. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: सवय, आठवण, गरज. जुन्या दहा ग्राहकांना फोन करा. माल विकायला नाही, ऐकायला. मध्ये बोलू नका, समजावू नका, नुसतं लिहून घ्या. तिसऱ्या रकान्यात एकच वाक्य तीनदा आलं, तर नव्या मॉडेलची ऑर्डर देण्याआधी ते काम करा.

पान भरलं की बॅचला येताना सोबत आणा, बसून बघू. भेटूया पुढच्या व्हिडिओत!